ठुई

"काकू, 'ठुई' चालेल का हो?" सोसायटीच्या शब्दखेळात पटावर दोन अक्षरं ठेवत मी आदराने विचारलं. "जुन्या ओव्यांत असतो म्हणे. अर्थ तुम्हालाच ठाऊक असणार."

पंच असलेल्या निमकरकाकूंनी चष्मा वर सरकवला. "चालेल की! ठुई म्हणजे गाईच्या गळ्यातली बारकी घंटा. शिवाय लाडकी धाकटी लेक. हल्लीच्या पोरींना कुठलं माहीत!"

बायकांनी माना डोलावल्या.

गेल्या वर्षी याच पटावर माझ्या आठ वर्षांच्या रेवाने 'वैल' लावला होता. मोठ्या चुलीला जोडलेली ती छोटी चूल तिने आजोळी पाहिली होती. "असा शब्दच नाही. गावंढळ कुठली!" म्हणत काकूंनी तिची अक्षरं उधळली. तेव्हापासून ती चारचौघांत तोंड उघडत नाही.

मी शब्दकोश काकूंच्या मांडीवर ठेवला. "ठुई शोधू नका. सकाळी पोळ्या लाटताना मीच बनवलाय. वैल मात्र आहे, पानावर खूण घातलीय बघा."

काकूंनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. हॉलमध्ये सगळ्यांत आधी रेवा हसली. मोठ्याने, काकूंच्या तोंडाकडे बघत.

मी तिला गप्प केलं नाही.