डाव्या पायाची गाडी

लीलाधरनं गाडीचं दार उघडून आत बोट दाखवलं. आधी तिथं दोनच पेडलं होती. आता डावीकडे तिसरं आलं होतं, भंगारातल्या कुठल्या तरी गाडीचं, रबर झिजून गुळगुळीत झालेलं. गिअर आपोआप बदलणारं यंत्र त्यानं काढलं होतं, पण टाकलं नव्हतं. गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं.

"नाना, गॅरेजमागच्या मैदानाला एक फेरी मारा," तो म्हणाला. "क्लच दाबून, गिअर टाकून. जमलं तर गाडी घरी न्या. नाही जमलं तर उद्यापर्यंत मी ती होती तशी करून देतो. तेजसला शब्द दिलाय मी."

तेजस म्हणजे नानांचा मुलगा, नाशिकला असतो. नानांच्या पायाला काम पडू नये म्हणून ऑटोमॅटिक गाडी त्यानंच पाठवली होती. सकाळी त्यानं लीलाधरला फोन करून झापलं, की आईचं डोकं फिरलंय, तुझं पण फिरलं का. आईलाही विचारलं, चांगली गाडी कशाला मोडतेस. मंजुळाबाईंनी त्याला एवढंच सांगितलं, की गाडी तू दिलीस, नवरा काही तू दिला नाहीस.

नाना, म्हणजे मोतीलाल, काठी टेकून उभे होते. धुळे-दोंडाईचा एसटी तीस वर्षं चालवली, एक कुत्रं चाकाखाली घेतलं नाही, आणि पडले कुठं, तर घरच्या मोरीत. डाव्या मांडीचं हाड मोडलं.

लीलाधरनं हळूच विचारलं, की अक्का, डॉक्टर काय म्हणतात. हाड जुळून वर्ष झालं म्हणतात, मंजुळाबाई म्हणाल्या. मग हळू बोलायचं सोडून त्यांनी सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं सांगितलं.

"व्यायाम म्हटला का पाय लाकूड व्हई जास. अन् ओट्यावर बसेल राहतस, रस्त्यावर एसटीनं गिअर बदलला, का पायना अंगठा खाली दाबस. मी देखेल शे. हाऊ पाय मनं नही ऐकस, डॉक्टरनं नही ऐकस. गाडीनं ऐकस."

"तमाशा नको करू," मोतीलाल म्हणाले.

पण ते गाडीत बसले. उजवा पाय आपला आपण आत गेला. डावा त्यांनी दोन्ही हातांनी पँटला धरून उचलला आणि आत ठेवला, दुसऱ्या कुणाचं सामान ठेवावं तसा.

चावी फिरवली. पाय पेडलवर नेला. पेडल अर्धंच गेलं. गिअर टाकताना आतून करकर आवाज आला, गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. वेल्डिंग करणाऱ्यानं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर घेतला. लीलाधरची नजर फळीकडे गेली.

तिसऱ्यांदा मोतीलालनी चावी फिरवलीच नाही. काढली आणि खिडकीतून बाहेर धरली.

"बसाडी दे तुनं यंत्र," ते लीलाधरला म्हणाले. त्याच्याकडे न बघता म्हणाले.

लीलाधरचा हात पुढे झाला होता. त्याच्या आधी मंजुळाबाईंनी चावी घेतली. गाडीला वळसा घालून त्या डाव्या दारापाशी आल्या, पदर खोचला आणि नवऱ्याशेजारी बसल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या एसटीतून जायचं झालं तरी त्या मागे बायकांच्या बाकावर बसायच्या, आणि उतरताना ड्रायव्हरकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

त्यांनी चावी जागेवर लावली. मग उजवा हात मोतीलालच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. सगळ्यांदेखत.

मोतीलालनी काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर लोक होतेच.

"कव्हय दाबू ते सांगा," मंजुळाबाई म्हणाल्या.

मोतीलालनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

"दाब."

त्यांनी तळव्यावर सगळा भार टाकला. गुडघा खाली गेला, पाऊल पुढं सरकलं, पेडल तळाला टेकलं. गिअरचा दांडा गुमान पहिल्या जागी गेला.

"आता सोड. हळू. हळू सोड."

घरात बेचाळीस वर्षं त्या सांगायच्या आणि बाकीच्यांनी ऐकायचं. इथं त्यांनी ऐकलं. हात उचलला, पण इतका हळू, की हाताखाली गुडघा वर येताना कळत होता. गाडी थरथरली, बंद पडेल असं वाटलं, आणि चालू लागली. लीलाधर बाजूला झाला.

फुटक्या बंपरांच्या ढिगाजवळून गाडी गेली. जुन्या टायरांना वळसा घातला. पहिल्याच गिअरवर इंजिन ओरडत होतं. दुसरा टाकायची वेळ झाली होती, हे मंजुळाबाईंनाही कळलं. त्यांनी तळवा घट्ट केला आणि हुकमाची वाट पाहिली.

"हात काढ," मोतीलाल म्हणाले.

त्यांनी हात काढला. पण मांडीत घेतला नाही. गुडघ्याच्या वर दोन बोटांवर तसाच धरून ठेवला, आणि त्याच्याखाली गुडघा आपला आपण खाली गेला.