हसा की जरा

लाकडाला पॉलिश करणाऱ्या त्या माणसाचं नाव चार ठिकाणी पोचवलं ते त्याच्या बायकोनं. व्हिडिओ काढायला ती फोन धरायची. आधी त्याचे हात, मग लाकडावर चढत जाणारी चकाकी, आणि शेवटी फोन अलगद वर, त्याच्या चेहऱ्यावर.

"अहो, हसा की जरा! एरंडेल प्यायल्यासारखं तोंड बघून गिऱ्हाईक पळेल."

तो हसायचा, आणि त्या हसण्यावर लोक खूश व्हायचे. बाईच्या हातात जादूच होती.

ती गेली आणि दुकानाचं पेज ओस पडलं. कामं आटली. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच व्हिडिओ काढा. नाहीतर दुकानाला कुलूप लागेल."

त्यानं फोन पॉलिशच्या डब्याला टेकवला, एका खुर्चीवर बोळा फिरवला आणि निघालं तसं लेकीला पाठवून दिलं.

लगेच तिचा फोन आला. "कमाल केलीत बाबा! अगदी आईसारखं. फोन कोणी धरला होता?"

"कोण धरणार? डब्याला टेकवला होता."

"मग शेवटी तुमच्या चेहऱ्यावर कसा आला?"

त्यानं फोन पुन्हा तसाच टेकवला, व्हिडिओ सुरू केला आणि दुसरी खुर्ची घेतली. शेवटचा हात फिरला. लाकूड लखलखलं.

फोन डब्यापासून सुटला आणि अलगद वर आला.

त्यानं कपाळाचा घाम पुसला, केस सारखे केले, आणि तो हसला.