शेवटचा सांधा

चिखलीतल्या एका शंभर वर्षं जुन्या वाचनालयाचं तांब्याचं छप्पर पूर्वी माझ्या आब्बांनी बसवलं होतं. पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून, ठोकून. आब्बा गेल्यावर नव्या छपराचं काम मला त्यांच्याच नावावर मिळालं. मी मात्र कडा दुमडल्याच नाहीत, सांध्यांत सिलिकॉन भरलं. खालून कोणाला दिसणार होतं?

आज भर दुपारी वर चढलो, तर सांधे दुमडलेले. त्यांवर डावखुऱ्या आब्बांच्या हातोडीचे तिरपे घाव.

खालून ग्रंथपाल सुलभाताई ओरडल्या, "गनीभाई, कवाचे ठोकून राह्यले? जेवाले उतरा नं!"

"मी नाही ठोकत, ताई. हातोडी तुमच्या टेबलावर ठेवली."

"हाव, इथंच हाये," त्या म्हणाल्या. "मंग कोन ठोकून राह्यलं?"

एकच सांधा माझा, सिलिकॉनचा, उरला होता. शरमेनं मी तो पंजानं झाकला. पत्र्याखाली लाकडी फळ्या, मधे कागद सरकायलाही जागा नाही.

लहानपणी काम चुकलं की आब्बा बोलत नसत. हातोडीच्या दांड्यानं माझ्या बोटांवर हळूच दोनदा ठोकायचे.

पत्र्याखालून, बरोबर माझ्या बोटांना, पहिलं टक् झालं.