शववाहिनीतलं जोडपं

डिझेल फक्त रुग्णवाहिका आणि शववाहिन्यांनाच मिळू लागलं, तेव्हा बापूसाहेब खांबेट्यांनी आपलं चाकांवरचं घर शववाहिनी म्हणून नोंदवून टाकलं. आज घाटाच्या उतारावर त्यांनी वेग आवरायला इंजिन ब्रेकचं बटण चारदा दाबलं, पण गाडीचा वेग वाढतच गेला.

"फ्यूज तर शाबूत आहे हो!" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मालतीबाई ओरडल्या.

"बिघाड नाही," गाडी हळू आवाजात म्हणाली. "त्या ब्रेकचा गडगडाट शोकप्रसंगी शोभत नाही. शववाहिन्यांमध्ये तो बंद असतो."

"अगं बये, आम्ही जिवंत आहोत!" बापूसाहेब गाडीवर खेकसले.

"तरी मी म्हणत होते, रुग्णवाहिका लिहा!" मालतीबाई म्हणाल्या.

बापूसाहेबांच्या पायाखालचा साधा ब्रेक तापून धूर सोडू लागला होता.

"नोंद बदलायला सात मिनिटं लागतील," गाडी आदबीने म्हणाली. "वळण चाळीस सेकंदांवर आहे. त्यानंतर बदलायची गरज पडणार नाही."