चार नंबर गळतो

“खोटं बोलताय तुम्ही. नऊ वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्याच तोंडानं खोटं बोलताय.”

खिडकीपलीकडच्या कारकुनाला राग आला नाही. बेपत्ता सैनिकांच्या त्या कचेरीत रोज कुणीतरी असं बोलायचंच.

“बाई, तुमचा मुलगा आम्हाला सापडलाच नाही. जिवंत नाही, मेलेला नाही. आता काय खिशातून काढून देऊ?”

“तुमच्याकडेच आहे तो.”

“मग पुरावा आणा. शर्टाचं बटण आणा, काहीही आणा. तोंडच्या गोष्टी फायलीला लावता येत नाहीत.”

“आणते,” ती म्हणाली आणि कामावर गेली.

घरी तिचा म्हातारा नवरा नऊ वर्षं दाराला कडी लावू देत नव्हता. “पोरगं आलं तर काय ठोठावत बसेल? स्वतःच्या घरात?” एकदा भुरटा चोर शिरला, भांडी घेऊन गेला. तरी कडी नाही.

ती पाच वर्षं मास्कच्या कारखान्यात होती. युद्धात तिथे सैन्यासाठी विषारी धुराचे मास्क व्हायचे. आता तेच मास्क रंगाऱ्यांना, आगीच्या बंबवाल्यांना जायचे. भिंतीवर हातभर अक्षरं होती: ‘युद्धानं दिलं, शांततेनं घेतलं.’ युद्धानं काय नेलं, त्याला भिंत पुरली नसावी.

तिच्या टेबलावर प्लास्टरची सहा डोकी होती. सहा मापं, सहा चेहरे, डोळे मिटलेले. रबर चिकटू नये म्हणून डोक्याला पावडर लावायची, वर मास्क चढवायचा, आतून धूर सोडायचा आणि कुठे गळतो ते बघायचं. चार नंबर हमखास गळायचा. त्याच्या जबड्यावर डावीकडे वाटाण्याएवढा खळगा होता. रोज सकाळी ती त्यात बोटानं मेण भरायची.

“जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही,” मुकादम म्हणायचा. “दोनदा बढती देऊ केली, टेबल सोडत नाही तुम्ही. जीव जडलाय की काय याच्यावर?”

“गळक्या भांड्यालाच जास्त हात लागतो,” ती म्हणायची.

दोन महिन्यांनी कारखाना बघायला शिक्षकांचा घोळका आला. मोठे साहेब स्वतः माहिती देत होते.

“हजारो जवानांनी हसत हसत आपले चेहरे दिले. त्यांतून निवडलेल्या या सहा मापांवर आज सगळ्या जगाचे मास्क बनतात. प्लास्टर थापताना श्वास घेता यावा म्हणून नाकात नळ्या घालायचे. हे बघा, नाकपुड्यांत नळ्यांचे गोल वळ.”

एका शिक्षिकेनं वाकून पाहिलं. “या चार नंबरला नाहीत.”

“असं? मग पठ्ठ्यानं श्वास रोखून धरला असेल!”

सगळे खो खो हसले. एकानं चार नंबरच्या गालावर चापट मारली. हात पांढरा झाला म्हणून पँटला पुसला. ते गेल्यावर तिनं पुन्हा पावडर लावली.

जाता जाता साहेबांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासून संगणकावर बनवलेली प्लास्टिकची डोकी येणार. ही कचऱ्यात.

“त्यातलं एक मला द्याल?” तिनं मुकादमाला विचारलं.

“काय करणार?”

“म्हातारा टोपी कुठेही टाकतो. तिला जागा होईल.”

मुकादम हसला. फाटकावर रोज झडती व्हायची, रबराची कातरणसुद्धा बाहेर जात नसे. पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात वस्तू बाहेर न्यायची चिठ्ठी आली: ‘निकामी डोकं, नग एक.’

बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर धरली.

“खाली ठेवा की, मावशी,” शेजारचा म्हणाला. “एवढं ओझं कशाला धरून बसताय?”

“खाली नाही ठेवायची.”

ती घरी गेली नाही. कचेरी बंद व्हायच्या आत खिडकीशी पोचली.

“काय बाई, सापडलं का बटण?” कारकून म्हणाला.

“आधी फाईल काढा. पहिल्या दिवशी मी ओळखीची खूण लिहून दिली होती, ती वाचा.”

तो कंटाळून उठला. फाईल झटकली, पान शोधलं.

“‘जबड्यावर डाव्या बाजूला वाटाण्याएवढा खळगा. दोन वर्षांचा असताना उंबऱ्यावर पडला होता.’ बरं, मग?”

तिनं पिशवीतून डोकं काढलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवलं. केसातली पिन काढून जबड्यातलं मेण कोरलं. मेणाची गोळी फायलीवर पडली.

“आता नाकात बघा. नळ्या घालायची गरज पडली नव्हती तुम्हाला,” ती म्हणाली. “डोकं मी शोधलं. बाकीचा कुठे ठेवलाय, ते सांगा.”