कुणी केलंय हे काम?

प्लंबर बाथरूममध्ये शिरला, तशी मी टीव्हीचा रिमोट घट्ट धरून दारातच उभी राहिले. आठवड्यातला हा चौथा. आधीच्या तिघांनीही भिंतीवरची ओल बघून "कुणी केलंय हो हे काम?" म्हणत नावं ठेवली होती. करणाऱ्याला पाना तरी धरता येत होता का, असं एकजण हसत म्हणाला. सगळ्या फरशा फोडाव्या लागतील, यावर मात्र तिघांचं एकमत.

ते काम माझ्या वडिलांनी केलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, कारखान्यातून रजा काढून, एकट्यानं. आता हात थरथरतात, म्हणून अण्णा दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. प्लंबरनं तोंड उघडलं की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. तरी त्यांना ऐकू गेलंच असणार. चार दिवस त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

चौथ्यानं नळ उघडला, बंद केला, भिंतीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग त्यानंही विचारलंच, "कुणी केलंय हे काम?"

माझं बोट बटणावर गेलं.

"हात पक्का होता त्या माणसाचा. आतले पाइप अजून ठणठणीत आहेत. नळाच्या मुळाशी वायसर झिजलाय, तिथनं पाणी भिंतीत उतरतंय. फोडायचं काही नाही."

मी वळून बघितलं. अण्णा भिंत धरून उठले होते. त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"कितीचा पाना लागेल?" त्यांनी विचारलं. "माझ्या पेटीत सगळे आहेत."