खोक्यातला योद्धा

कावळा काही शिवेना.

गोदावरीच्या घाटावर पिंड मांडून तास उलटला होता. समोरच्या लिंबावर कावळे दाटीनं बसले होते, पण एकही खाली यायला तयार नव्हता. मच्छिंद्र हात जोडून उभा होता, डोळे कोरडे. पोरगा गेल्यापासून तो रडलाच नव्हता. राग होता त्याला, गेलेल्या ओमवरच.

"किती बजावलं हुतं, गाडी हळू हाक म्हनून," तो पुटपुटला. "उसाच्या ट्रॉलीखाली घातली. सवता गेला आन आईला जित्तेपणी मारून गेला."

"आज तरी नका वो बोलू त्याला," ओमची आई रुपाली हुंदक्यातच म्हणाली. "त्याचा रोबो जोडायचा ऱ्हायलाय. त्यातच जीव घुटमळतोय."

रोबो म्हणजे ओमचं वेड. वीतभर उंचीचे, मोठ्या डोक्याचे, बुटक्या पायांचे लढवय्ये. प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक तुकडा कातरायचा, घासायचा आणि खटकन बसवायचा. घरात फळीवर पलटण उभी होती. नवीन खोकं आणायलाच दोघे भाऊ शिर्डीला गेले होते. धाकट्या हर्षलला अजून लायसन नव्हतं, म्हणून मोटरसायकल ओमकडं. येताना ओम सुसाट निघाला, असं हर्षलनंच सांगितलं. त्याचं स्वतःचं खरचटण्यावर निभावलं.

ओमला उचललं ते शेजारच्या छगननं. "काय सांगू, दादा," तो आताही डोळे पुशीत म्हणाला, "खोकं छातीशी धरलेलं. जीव गेला तरी दोन्ही हातांची मिठी सुटंना. लई जीव पोराचा त्या बाहुल्यांवर."

तेच खोकं हर्षलनं घाटावर आणलं होतं. मुंडण केलेल्या डोक्यानं तो पायरीवर बसून भराभर तुकडे जोडत होता. ढाल हातातून दोनदा निसटली.

"ह्यो पुरा झाला की येईल कावळा," वर न बघताच तो आईला म्हणाला.

शेवटी तलवार बसली. योद्धा पिंडाशेजारी उभा करून हर्षलनं हात जोडले. "दादा, झाला बघ तुझा रोबो. हितून पुढं समदे मी जोडीन." आणि तो मागं सरला.

एक कावळा उतरला. पिंडाभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला तो थेट लिंबावर.

बाया रडायला लागल्या. "दर्भाचा कावळा करू आता," गुरुजी हळूच म्हणाले.

"न्हाई!" रुपाली किंचाळली. "माझ्या लेकराला असं उपाशी धाडू नका!"

मच्छिंद्र पायरीकडं वळला. काय पाहिजे रं तुला, बाबा? त्यानं पायरीवरचं रिकामं खोकं उचललं. दोन्ही बाजूंचा पुठ्ठा दबला होता, बोटं रुतून खळगे पडले होते. त्यानं नकळत आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली. डावा हात डावीकडं, उजवा उजवीकडं. त्यानं मान वळवून हर्षलकडं बघितलं. मग पहिल्यांदाच त्याचे डोळे भरून आले.

तो पिंडापाशी जाऊन वाकला.

"चुकलो रं, लेकरा," तो म्हणाला. "गाडी तू चालवतच नव्हतास."

मागं हर्षल मटकन खाली बसला.

कावळा शिवला.